संगणक सारखा बंद-चालू होतोय? आधी वही काढा

आम्ही ग्रामसंघाच्या कार्यालयातला संगणक सांभाळणाऱ्या बायका. आज बोलायचंय ते काम करता करता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या संगणकाबद्दल. चाळीस जणींचे हप्ते भरत आणावेत आणि पडदा काळा व्हावा, हे अनेक गटांत घडतं. मग कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं नवाच घ्या. पण कारण कळण्याआधी पैसे कशाला द्यायचे?

पहिलं काम, संगणक चालतोय तोवर हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दुसरं काम, एक वही घ्या. संगणक किती वाजता बंद पडला, तेव्हा तुम्ही काय करत होतात आणि घरात, शेजारी काय चालू होतं, एवढं आठवडाभर लिहा. आजारी माणसाचा ताप कधी चढतो ते आपण डॉक्टरला सांगतो ना, तसंच हे.

आता वही वाचू या.

लाइट गेली किंवा नुसती लुकलुकली की बंद पडतो? मग यूपीएसची बॅटरी बघा. ती साधारण दोन-तीन वर्षांत थकते. सगळ्या फाइली बंद करा आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. त्याच क्षणी संगणक बंद पडला, तर बहुतेक बॅटरीच गेली. फक्त बॅटरी बदलूनही पुष्कळदा भागतं.

प्रिंट काढताना बंद पडतो? लेझर प्रिंटर तापताना एकदम खूप वीज ओढतो. छोट्या यूपीएसला तो झेपत नाही. प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावा. पिठाची चक्की किंवा पाण्याची मोटर सुरू होताना बंद पडत असेल, तर व्होल्टेज उतरतंय. वायरमनकडून लाइन आणि अर्थिंग तपासून घ्या.

सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने किंवा भर दुपारी बंद पडतो? मग तो तापतोय. त्याच खोलीत मसाला, पीठ, पापडाचं काम होत असेल, तर ती धूळ आतल्या पंख्यावर बसते. संगणक बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मग बाजूचं झाकण उघडा. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं अजिबात नको. झाकण लावून सुरू केल्यावर पंखा फिरतोय ना, ते जाळीतून बघा. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा निघायला जागा हवी.

काही वेळकाळच नाही, कधीही बंद पडतो? मागची जाड वायर सैल आहे का बघा. ती घट्ट असेल, तर रॅम किंवा वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, यांच्यावर संशय घ्यायचा. हे मेकॅनिककडून तपासा. एसएमपीएसचा डबा आपण कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

निळा पडदा झळकून जातो? विंडोजमध्ये अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज उघडा. तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. म्हणजे पुढच्या वेळी निळा पडदा थांबून राहील. त्यावरच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढा. मेकॅनिकला त्यावरून माग लागतो.

मैत्रिणींनो, दुरुस्तीवाला आला की आधी वही त्याच्यापुढे ठेवा. तो लगेच ‘फॉरमॅट मारू’ म्हणाला, तर विचारा, “कशासाठी, दादा?” फॉरमॅटने थकलेली बॅटरी बरी होत नाही आणि पंख्यावरची धूळही जात नाही. हिशेब मात्र पुसला जातो. एखादा भाग बदलला, तर जुना भाग परत मागा, बिलावर नव्याचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्या.

गटाचा पैसा आपण रुपया-रुपया मोजून ठेवतो. तो दुरुस्तीवर खर्च करतानाही तसाच मोजायचा. पुढच्या बैठकीत ही वही कोण लिहिणार, तिचं नाव ठरवून टाका.