तराजू, फीत आणि धमनीचे अस्तर



आरोग्याचा विचार निघाला की माणूस प्रथम वजनाच्या काट्याकडे पाहतो. काटा साठ-पासष्टवर थांबला की मनाला समाधान वाटते. परंतु काटा केवळ एकूण भार सांगतो; त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही. गाठोडे तोलून आतील कापडाचा पोत कळत नाही, तसेच हे आहे.

या सत्याचा उत्कृष्ट दाखला महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बी.एम.आय., दोघांचाही २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त, अशी भारतीय देहाची ही ठेवण आहे.

तिचे मूळ जन्माआधीच रुजते. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांत स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

चरबी कोठे साठते, यालाही महत्त्व आहे. मांड्यांवरील चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटातील अवयवांभोवतीची चरबी यकृताकडे स्निग्धाम्ले सोडते. रक्तातील साखर, स्निग्धांश आणि रक्तदाब यांचे संतुलन बिघडते. कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तरात शिरतात आणि अस्तर हळूहळू जाड होते. हे कार्य वर्षानुवर्षे निःशब्द चालते. छातीत कळ येते ती फार उशिरा.

ते निःशब्द कार्य सोनोग्राफीने पाहता येते. मिलानचे पाओलो पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही पद्धत मांडली. मानेतील धमनी त्वचेच्या अगदी जवळ असते. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी तिच्यावर सोडल्या की भिंतीच्या थरांवरून प्रतिध्वनी परततात आणि पडद्यावर दोन समांतर रेषा उमटतात. त्यांमधील अंतर हीच आतील दोन थरांची जाडी. हे माप एका मिलिमीटरच्याही आत असते. ना सुई, ना क्ष-किरण!

मग प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी काय? येथे विवेक हवा. संशोधनात अनेकांची तुलना करण्यासाठी हे माप उपयुक्त ठरले. परंतु यंत्र धरणाऱ्या हातानुसार ते बदलते आणि नेहमीच्या तपासण्यांपेक्षा फारसे अधिक सांगत नाही. म्हणून २०१३ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ते सरसकट करू नये, असे सुचविले. ठरावीक जागी साचलेला थर दिसणे अधिक अर्थपूर्ण असते; तरी त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

सर्वांच्या आवाक्यातले साधन वेगळेच आहे: शिंप्याची फीत! भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरविली. इंचांत सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस. पँटच्या नंबरावर मात्र विसंबू नये. पोट सुटले की माणूस पँट पोटाखाली बांधतो. नंबर चौतीसच राहतो आणि घेर चाळीसवर जातो. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून माप घ्यावे.

गोंदिया जिल्हा धानाचा. बांधीत राबणाऱ्याच्या अंगी भात जिरतो. दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याच्या पोटी तो साचतो. ताटातील भात थोडा कमी करून डाळ व भाजी वाढवावी, तळणाला आवर घालावा, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे. धमनीच्या अस्तराला थेट इजा करणारा तंबाखू, मग तो बिडीतला असो वा खर्ऱ्यातला, कायमचा सोडावा. तिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. घराण्यात मधुमेह असल्यास सडपातळ व्यक्तीनेही टाळाटाळ करू नये.

व्यापारी वर्षाकाठी दुकानातील मालाची मोजदाद चोख करतो. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाच्या कमरेचे माप वहीत लिहावे. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला, तर काट्याने लपविलेली वाढ वेळीच ध्यानी येईल आणि धमनी जाड होण्याआधी सावध होता येईल.