‘स्टॅम्पीड’ की चेंगराचेंगरी?



आज एकाच शब्दाबद्दल बोलतो : ‘स्टॅम्पीड’. मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून अमेरिकन इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात बिथरून उधळलेल्या गुरांसाठी. आपण तो माणसांना सहज लावतो.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसे गेली. इंग्रजी बातम्यांत ‘स्टॅम्पीड’. पण त्या अरुंद जिन्यावर उधळायला जागा होती कुठे? अशा गर्दीत माणसे बहुधा तुडवली जाऊन नव्हे, छाती दाबून श्वास कोंडल्याने मरतात, कित्येकदा उभ्याउभ्या.

इथे ब्रिटनमध्ये १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ बळी गेले. पोलिसांनी खापर प्रेक्षकांवर फोडले. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ज्युरीने सांगायला २०१६ साल उजाडले.

‘स्टॅम्पीड’ म्हटले की दोष आपोआप गर्दीचा. आपली ‘चेंगराचेंगरी’ कुणी धावले असे म्हणत नाही. माणसे चेंगरली, एवढेच सांगते. मग पुढचा प्रश्न विचारता येतो : जिना अरुंद का होता?

म्हणून इंग्रजीतही आपण ‘क्राउड क्रश’ म्हणू या.