नोऑथ: गेट बंद केलं, पण आत कोण राहिलं?

मनोरहून बोलतोय, मागे हायवेवरच्या ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय ओपनएएफएसमधला एकच स्विच: सर्व्हरवरची ऑथरायझेशनची तपासणी बंद करणं.

आधी दोन शब्द वेगळे करू. तारापूर एमआयडीसीत गेटवर आयकार्ड बघतात, ते ऑथेंटिकेशन. आत गेल्यावर स्टोअरची चावी कुणाला द्यायची, हे ठरतं ते ऑथरायझेशन.

एएफएस 1980च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साथीने तयार झाली. 2000 साली आयबीएमने तिचा कोड खुला केला. तिच्या सर्व्हरवर नोऑथ नावाची रिकामी फाइल असली, की त्या मशीनवरच्या सर्व्हर प्रोसेस कुणालाच अडवत नाहीत. अनोळखी माणूसही ॲडमिन! ‘बॉस सेटऑथ’ ही कमांड हीच फाइल बनवते किंवा काढते.

मग असली सोय ठेवलीच कशाला? कारण पहिला सर्व्हर बसवताना ॲडमिनची यादीही नसते आणि कीही नसते. तपासायचं कशाशी? दुसरं कारण म्हणजे की बिघडली, तर खरा ॲडमिनसुद्धा बाहेर अडकतो. या दोन प्रसंगांपलीकडे नोऑथला हात लावू नका. लावावाच लागला, तर आधी मशीन बाकीच्या नेटवर्कपासून तोडा.

काम झालं की तपासणी चालू करा, आणि बॉस सर्व्हरसकट सगळ्या प्रोसेस रीस्टार्ट करा, म्हणजे नवी कनेक्शन नव्या नियमाने जोडली जातात. मग टोकन न वापरता ‘बॉस गेटलॉग’ मागून बघा. नकार आला पाहिजे.

इथेच बरेच जण थांबतात, आणि खरा धोका इथेच आहे. तपासणी बंद असताना कुणी स्वतःचं नाव यूजरलिस्टमध्ये घातलं असेल, तर ती चालू झाल्यावर तो रीतसर ॲडमिन ठरतो. सर्व्हर त्याला स्वतःहून आत घेतो! म्हणून बंद करण्याआधी यूजरलिस्टची प्रत बाजूला ठेवा, आणि नंतर ओळ न् ओळ ताडून बघा. मशीन नेटवर्कवर उघडं राहिलं असेल, तर कीही बदला.

स्विच चालू केल्याने पुढचं थांबतं. मधल्या वेळात झालेलं आपल्यालाच शोधावं लागतं. भेटू पुढच्या भागात.