बँड आणि माझी बदलती आवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून परवा जिन्यात एकीने मला विचारले, "काय हो, घरात कार्य काढलंत वाटतं?" तिचे काही चुकले नाही. आपल्याकडे बँड म्हटले की डोळ्यांपुढे लाल कोट, पितळी कर्णे आणि वरातीपुढच्या बत्त्याच यायच्या. माझी स्वतःची सुरुवातही तेथूनच झालेली आहे. गिरगावात आम्ही राहत होतो त्या चाळीखालून लग्नसराईत दिवसाआड वरात जाई आणि आम्ही पोरे गॅलरीच्या कठड्याला लोंबकळून ती ऐकत असू. मला त्यातला मोठा ढोल फार आवडे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याकडे तेव्हा माझे लक्षही नसे. आता कोठे बँड लागला तर मी आधी क्लॅरिनेटच ऐकते. आवड बदलली म्हणतात ती अशी. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका बँडविषयी.

आमच्या अप्पांकडे चावीचा ग्रामोफोन होता. रविवारी सकाळी अंघोळ करून अप्पा त्याला चावी देत आणि बालगंधर्वांच्या तबकड्या लावीत. सुया एका लहानशा पत्र्याच्या डबीत असत. दर तबकडीला नवी सुई घालावी असा नियम. पण अप्पा काटकसरी, एका सुईवर तीन-चार तबकड्या भागवीत. १९६४ साली मी तेरा वर्षांची होते आणि दादा अठराचा. तो कॉलेजात जाऊ लागला होता. एके दिवशी त्याने शर्टाच्या आत लपवून एक तबकडी आणली. ती होती बीटल्सची. एका बाजूला 'आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड' आणि दुसऱ्या बाजूला 'धिस बॉय'.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडात लिव्हरपूल म्हणून बंदराचे शहर आहे. तेथली ही चार मुले: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. या चौघांची पहिली तबकडी १९६२ च्या ऑक्टोबरात निघाली आणि १९७० त त्यांची फाटाफूट झाली. म्हणजे पुरती आठ वर्षेही नव्हेत. तेवढ्यात त्यांनी जगभरच्या पोरांना वेड लावले आणि जगभरच्या आईबापांची झोप उडवली.

आता एक गंमत ऐका. इतर देशांत तोवर मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघर होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही १९६५ च्या सुमारापर्यंत तशाच जुन्या तबकड्यांवर निघत. परदेशातले शौकीन आज त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात म्हणे. आमच्या घरी मात्र तेव्हा त्या तबकडीची किंमत झाली ती अशी, की बालगंधर्वांच्या सुईने हे असले वाजवायचे नाही, असा अप्पांनी हुकूम सोडला. दादाने खाऊच्या पैशांतून सुयांची वेगळी डबी आणली. अप्पा कचेरीत गेले की आम्ही दोघे ग्रामोफोनच्या पेटीशी डोके लावून बसत असू. शब्द धड कळत नसत. तरी मी ते सारे पाठ केले.

पुढच्याच वर्षी, १९६५ त, शम्मी कपूरचा 'जानवर' आला. त्यातल्या एका गाण्याची चाल आमच्या तबकडीवरूनच उचललेली होती. आणि मग एका लग्नात तीच चाल आमच्या गॅलरीखालून लाल कोटवाले वाजवीत गेले! दादा आणि मी एकमेकांकडे बघून इतके हसलो की आईला वाटले, आम्ही नवऱ्या मुलाला हसतो आहोत. दोघांनाही धपाटे मिळाले.

येथपर्यंत आम्हा दोघांची आवड एक होती. पहिले खटके उडाले ते १९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर'वरून. दादाच्या एका मित्राकडे नवा रेकॉर्ड प्लेअर होता, तेथे आम्ही ती मोठी तबकडी ऐकली. शेवटच्या गाण्यात मागे तंबोऱ्यासारखा एक सूर सारखा धरलेला, आणि वर पक्षी ओरडावेत तसले चमत्कारिक आवाज. दादा डोळे मिटून ऐकत होता. मी म्हटले, "हा काय गोंगाट! टाळ्या वाजवून गायचे तेच बरे होते." त्याच सप्टेंबरात हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता आणि ताजमध्ये उतरला होता. बातमी फुटून गर्दी झाली, तसा तो काश्मिरात निघून गेला. दादा दोन दिवस ताजसमोर उभा राहून आला. दिसले काही नाही.

१९७३ साली माझे लग्न झाले आणि मी पुण्यात आले. सासर गाण्यातले. म्हणजे गाणाऱ्यांचे नव्हे, ऐकणाऱ्यांचे. माझे मामंजी सवाई गंधर्व महोत्सवाला १९५३ पासून, म्हणजे पहिल्या वर्षापासून जाणारे. त्या काळी महोत्सव रात्रभर चाले. मी त्यांच्यामागोमाग शाल आणि थर्मास घेऊन जाई, आणि खरे सांगते, झोपून जाई. मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्या गवयाचे गाणे मी सलग दोन वर्षे झोपेत ऐकलेले आहे. सकाळी घरी आल्यावर सासूबाई विचारीत, "कसं झालं?" मी म्हणे, "अप्रतिम!"

पाच-सहा वर्षे हे नाटक चालले. मग एके वर्षी पहाटे कोणी न उठवता मी जागी झाले, आणि लक्षात आले की गवई सुराला कसे वळवून आणतो आहे ते मला आधीच कळते आहे, आणि त्याने ते केले नाही तर चुकल्यासारखे वाटते आहे. थर्मासमधला चहा तसाच राहिला. नाटक करता करता आवड लागली होती. तेव्हा तुमच्यापैकी कोणी सुनेच्या भीतीने इंग्रजी सिनेमे बघत असाल तर धीर सोडू नका.

पण त्याबरोबर एक वाईट खोडही लागली. मला वाटू लागले की मी एक पायरी वर चढले, आणि खालच्या पायरीवरच्या गोष्टींची मला लाज वाटू लागली.

१९८० चा डिसेंबर. दादा तेव्हा जमशेदपूरला नोकरीत होता. कंपनीच्या कामासाठी तो पुण्याला आला आणि आमच्याकडे उतरला. न्यूयॉर्कमध्ये ८ तारखेच्या रात्री जॉन लेननला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारले. आमच्याकडे ते १० तारखेच्या वर्तमानपत्रात आले. दादा पत्र हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. मामंजींनी विचारले, "कोण हो हा?" दादाने माझ्याकडे पाहिले. मी चहा गाळीत होते. मी म्हटले, "कोणी नाही हो, एक इंग्रज गाणारा. दादाला लहानपणी वेड होतं, पोरकटपणा नुसता."

दादा काही बोलला नाही. पत्राची घडी केली, मामंजींपुढे ठेवली. त्यानंतर वीस वर्षे त्याने माझ्याजवळ गाण्याचा विषय काढला नाही. पत्रे येत, भाऊबीज येई, मुलांची चौकशी होई; पण गाणे नाही. आणि माझ्या ते ध्यानातही आले नाही, हे त्याहून वाईट.

माझा मुलगा दहावीला होता तेव्हा, १९९२ त, त्याला मेटॅलिका नावाच्या अमेरिकन बँडचे वेड लागले. ऐकणे म्हणजे भांडी घासायच्या दगडावर लोखंड घासावे तसे. मी त्याचा टेपरेकॉर्डर कपाटात कुलूपबंद केला आणि अप्पांचेच शब्द वापरले. नवल म्हणजे, वापरताना ते अप्पांचे आहेत हे मला आठवलेसुद्धा नाही. नंतर त्याने कानाला लावायचे यंत्र आणले आणि घरात शांतता झाली. ती शांतता मला बरी वाटली.

नोकरीला लागल्यावर तो बंगलोरहून सुट्टीला आला, त्या वेळची गोष्ट. त्याने 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडची 'कंडिसा' नावाची तबकडी आणली होती. ती २००० साली निघाली. त्यातले एक गाणे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरून केलेले आहे, आणि एक नर्मदामाईचे. मी मेथी निवडीत होते. नर्मदेचे गाणे ऐकून माझा हात थांबला. मी म्हटले, "पुन्हा लाव." त्याने माझ्याकडे असे बघितले, जणू मी त्याची चाचणी घेते आहे. "तुला आवडलं?" "लाव तर खरं."

ते संपल्यावर त्याने, बहुधा माझी परीक्षा म्हणून, काही न सांगता दुसरेच गाणे लावले. 'आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड'. आणि मैत्रिणींनो, मी मेथीच्या जुडीवर ताल धरून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. मधल्या टाळ्यांसकट. माझा पंचविशीतला मुलगा तोंड उघडे टाकून बघत राहिला. "आई, तुला हे पाठ कसं?" मी ग्रामोफोन, सुयांची डबी, 'जानवर', धपाटे सगळे सांगितले. तो हसला नाही. तो म्हणाला, "तू हे कधीच सांगितलं नाहीस. मला वाटायचं, घरात हे ऐकणारा मी एकटाच."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

त्या सुट्टीत त्याने मला ओळीने बीटल्स ऐकवले; आणि आवडले ते कोणते, तर मी ज्यांना गोंगाट म्हटले होते ते शेवटचे शेवटचे. १९६९ च्या 'अॅबी रोड'मध्ये हॅरिसनचे 'हिअर कम्स द सन' आहे. कोवळ्या उन्हासारखे साधे गाणे. पण त्याच्या मधल्या तुकड्यात ठेका सरळ जात नाही; अकराचे, सातचे माप मध्येच येते आणि तिहाईसारखे घुमून गाडी पुन्हा मूळ चालीवर येते. मी बोटांवर मोजू लागले तेव्हा मुलगा चकित झाला. मामंजींच्या मागे बसून पंचवीस वर्षे तबला ऐकला नसता तर माझे बोट हलले नसते. मी ज्याला वरची पायरी समजत होते तिने मला खालची पायरी ऐकायला शिकवले.

आणि आणखी एक. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन पुन्हा मुंबईत आला होता आणि फोर्टात एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांकडून त्याने साथीचे संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. त्यावर पुढे लंडनमध्ये शब्द गाऊन 'द इनर लाइट' झाले. मुलाने वादकांची नावे शोधून काढली: त्यात बासरीला हरिप्रसाद चौरसिया! ज्यांच्या बासरीपुढे मी पुण्यात हात जोडून बसत होते, ते आमच्या चाळीपासून दोन-तीन मैलांवर दादाच्या बीटल्ससाठी वाजवून गेले होते.

अमेरिकेतल्या हॉलब्रुक आणि शिंडलर या दोघा अभ्यासकांनी १९८९ साली असे मांडले की, माणसाला आयुष्यात सर्वांत जवळची वाटतात ती आपल्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमारास गाजलेली गाणी. माझ्या चोविसाव्या वर्षी मी कुकरच्या शिट्ट्या मोजीत होते. विद्वानांनी मला विचारले असते तर त्यांचे गणित चुकले असते.

हरिप्रसादांचे नाव कळले त्याच रात्री मी दादाला फोन केला. वेळ बरीच झाली होती, तो घाबरून म्हणाला, "कोण आजारी आहे?" मी म्हटले, "कोणी नाही. दादा, इनर लाइटमध्ये बासरी कुणाची आहे ठाऊक आहे का तुला?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. पण तू तर त्याला पोरकटपणा म्हणाली होतीस." तारीख, वार, गाळणे, सारे त्याच्या लक्षात होते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर तो म्हणाला, "थांब, आधी सांग, 'रिव्हॉल्व्हर' आता ऐकलंस का?"

आता तो ७८ वर्षांचा झाला. आमच्या तबकडीच्या फेऱ्यांइतका. या भाऊबीजेला त्याने ओवाळणीत साडीऐवजी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीच तबकडी ताटात ठेवली. इतकी वर्षे त्याने ती जपली होती. कडेला बारीकसा टवका उडाला आहे, पण गाण्याच्या रेघा शाबूत आहेत. अप्पांचा ग्रामोफोन मात्र चाळ पाडली त्या वेळी गेला.

तेव्हा माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर चावीचा ग्रामोफोन अजून चालू स्थितीत असेल, तर त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. दादा पुढच्या रविवारपर्यंत येथेच आहे. सुया माझ्याकडे आहेत.