लोहस्तंभाचा गंज

दिल्लीला आलेला पाहुणा कुतुबमिनार पाहण्यास मेहरौलीला गेला, की वर पाहून पाहून त्याची मान अवघडते. मग तो जवळच्या लोहस्तंभाकडे वळतो. तेथे त्याला हमखास एक वाक्य ऐकावयास मिळते : सोळाशे वर्षे उलटली, पण ह्या लोखंडात तिळमात्र बदल झाला नाही! वाक्य कानाला गोड लागते, पण ते खरे नव्हे. स्तंभ बदलला आहे. आणि विशेष हे, की बदलला म्हणूनच तो टिकला आहे. हे कोडे उलगडावयाचे, तर पदार्थांतील बदलांचे जे दोन प्रकार आपण शाळेत शिकलो, त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे.

शाळेतले पुष्कळांना आठवते ते असे : बर्फ वितळतो आणि पाण्याचा पुन्हा बर्फ करता येतो, म्हणून हा बदल भौतिक, लाकूड जळते पण राखेचे लाकूड होत नाही, म्हणून तो रासायनिक. पाठांतराला ही खूण सोयीची खरी, परंतु फसवी. हातातून निसटून चहाच्या कपाची शकले झाली, तर तो काही पूर्ववत होत नाही. तरी शकले चिनीमातीचीच राहतात. म्हणजे बदल भौतिकच. उलट, दुधाला विरजण लावले की त्यातील शर्करेपासून आम्ल तयार होते, पूर्वी नव्हता असा पदार्थ भांड्यात येतो. तेव्हा विचारावयाचा प्रश्न एवढाच, की नवा पदार्थ निर्माण झाला काय?

हा प्रश्न मनात ठेवून स्तंभाभोवती एक फेरी मारू. हा स्तंभ सुमारे ७.२ मीटर लांबीचा असून त्याचे वजन सहा टनांहून अधिक आहे. त्यावरील लेखात ज्या 'चंद्र' राजाची स्तुती आहे, तो गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त होय असे बहुतेक विद्वान मानतात. त्या काळच्या कारागिरांनी खनिज आणि कोळसा भट्टीत घातला. खनिजातील प्राणवायू कोळशाने ओढून घेतला आणि लोखंड मोकळे झाले. हा रासायनिक बदल. पुढे त्यांनी लोखंडाचे गोळे न वितळविता तापवून, घणाखाली ठोकून एकमेकांस जोडले. येथे मुख्यतः आकार बदलला. स्तंभावर उंच एके ठिकाणी खोलगट खूण आहे, ती तोफेच्या गोळ्याची. दंतकथा तिचा संबंध १७३९ च्या नादिरशहाच्या स्वारीशी जोडते. तो खळगा आपोआप भरून येणार नाही, पण लोखंड लोखंडच आहे. गंजाचे मात्र निराळे. गंज हा नवा पदार्थ; आणि तरीही कोळशाबरोबर भट्टीत तापविला तर त्याचे पुन्हा लोखंड होते! उलटविता येण्याची खूण येथे दोन्ही वेळा चुकली.

आता मूळ कोड्याकडे येऊ. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ह्यांच्या संयोगाने गंज होतो. आपल्या विळीच्या पात्यावर येणारा गंज भुसभुशीत असतो. त्यातून ओल आत झिरपते आणि खालचे लोखंडही खाल्ले जाते. स्तंभावरही आरंभी गंजच आला. पण ह्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण सुमारे ०.२५ टक्के, म्हणजे आजच्या साध्या पोलादाच्या कित्येक पट आहे. हल्लीच्या भट्टीत चुन्याच्या साहाय्याने स्फुरद काढून टाकतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो. त्या जुन्या भट्टीत चुना नव्हता, म्हणून तो राहिला. कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रह्मण्यम् ह्यांनी दाखवून दिले, की ह्या स्फुरदामुळे गंज आणि धातू ह्यांच्या सांध्यावर लोह, स्फुरद, प्राणवायू व पाणी ह्यांच्या संयुगाचा एक स्फटिकमय पातळ थर हळूहळू जमला. हा थर सच्छिद्र नसल्यामुळे ओलीची वाट अडली. दिल्लीची कोरडी हवा साहाय्याला होतीच. ओल जेथे सतत लागत होती, त्या जमिनीखालील भागाला मात्र गंज चढलेला होता. १९६१ मध्ये पुरातत्त्व विभागाने त्याची साफसफाई करून त्यावर शिशाच्या पत्र्याचे वेष्टन घातले.

ज्याला आपण अविकारी समजतो, तो असा गंजूनच सुरक्षित झाला. परंतु हे कवच घासले तर जाते. स्तंभाला पाठ टेकून दोन्ही हात मागे नेऊन तो कवेत घेता आला, तर भाग्य उजळते अशी समजूत होती, आणि दिल्लीत भाग्याची गरज कोणाला नसते! त्या घर्षणात नवा पदार्थ काही निर्माण होत नाही, बदल निव्वळ भौतिक. पण शतकांच्या रासायनिक क्रियेने जमलेला थर त्याने झिजतो, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला कवच बांधण्याचा संथ उद्योग पुन्हा आरंभावा लागतो. म्हणून १९९७ मध्ये स्तंभाभोवती कुंपण घालण्यात आले. त्याच्या बाहेर उभे राहून नीट पाहिले, तर स्तंभाच्या खालच्या भागात, हात पोचतील अशा उंचीवर, पृष्ठभाग इतर ठिकाणांहून गुळगुळीत आणि चकचकीत झालेला दिसतो.