हुशार मूल ही समाजाची अमानत

(सोसायटीच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी कोणी शिक्षणतज्ज्ञ नाही. गेली बारा वर्षे हातात खडू धरून वर्गात उभा राहणारा एक साधा शिक्षक आहे. आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु माझे आजचे बोलणे त्यांच्याविषयी नाही. ज्यांचे नाव या यादीत यायला हवे होते आणि आले नाही, अशा मुलांविषयी मला बोलायचे आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील गवंडीकाम करीत. घरात दखनी बोलली जाई. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकून तो मराठी माध्यमात आला होता. फळ्यावर आकडे मांडले की माझे लिहून होण्याआधी हा मागच्या बाकावरून उत्तर सांगे. पण चाचणी परीक्षेत त्याचे गुण साठीच्या पुढे जात नसत. एके दिवशी त्याचा गणिताचा पेपर घेऊन मी त्याला जवळ बसवले. एक सोपे शाब्दिक उदाहरण त्याने कोरे सोडले होते. का सोडलेस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, ‘अनुक्रमे’ म्हणजे काय ते कळलं नाही.” मी शब्दाचा अर्थ सांगितला. उदाहरण त्याने अर्ध्या मिनिटात सोडवले.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. ती बी. एड. च्या वर्गात मी वाचली होती, पण मला समजली नव्हती. गुणपत्रिका मुलाची बुद्धी मोजते असे आपण समजतो. पुष्कळदा ती फक्त त्याच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांमधले अंतर मोजत असते.

हा केवळ माझा अनुभव नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम सुरू केले. ही गरीब वस्त्यांतील मुले होती. त्यांच्यात बुद्धीची उणीव नव्हती. पुस्तकाची अवघड भाषा आणि प्रश्न विचारण्याची नसलेली सवय आड येत होती. या अडचणी दूर करण्यासाठी शाळेबाहेर नियमित मदत दिली, तेव्हा याच मुलांची प्रगती शालान्त परीक्षेत स्पष्ट दिसून आली. आपल्या मुलांची अडचण याहून फार वेगळी आहे काय?

आपल्या शाळेच्या एकाच वर्गात किती तऱ्हेची मुले बसतात ते पाहा. कोणाचे वडील बागवान, कोणाचे ट्रकचालक, कोणाचे आखातात नोकरीला. कोणाची आई विड्या वळते, तर कोणाची शिवणकाम करते. कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, तर कोणाच्या घरी दिव्याखाली बसायला कोपरादेखील नाही. हुशार मूल यांपैकी कोणत्याही घरात जन्माला येते. मात्र ज्या घरात ते ओळखणारे कोणी असते, तेथेच ते वाढते.

आपल्याच प्रांताचा इतिहास याची साक्ष देतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. खेड्यातले मूल शिकायचे तर त्याला शहरात डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्या राजाने जाणले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. गुरुजींनी त्यांना पुस्तके दिली. १९०७ साली ते मॅट्रिक झाल्यावर पुढे त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. त्याच दरबारच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर गुरुजी त्यांचे जातभाई नव्हते की नातेवाईक नव्हते. एका शिक्षकाने एका मुलाकडे नीट पाहिले, एवढेच.

आणि रामेश्वरमचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम! १९३१ साली जन्मलेल्या या मुलाला मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला, पण फी भरायला पैसे नव्हते. थोरली बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. पुढे २००२ साली ते राष्ट्रपती झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बांगड्यांची आठवण मात्र आपण कमी ठेवतो.

एकाने ओळखले, एकाने शब्द टाकला, एकीने दागिने काढून दिले, तेव्हा कोठे बुद्धीला वाट मिळाली.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. आठवीतील मुलांसाठी केंद्र शासनाची एक परीक्षा असते. तिला आपण एन.एम.एम.एस. म्हणतो. ही योजना २००८ साली सुरू झाली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना या परीक्षेला बसता येते. सातवीत ५५ टक्के गुण असावे लागतात आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. देशभरात एक लाख शिष्यवृत्त्या असून महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ आहेत. पेपर दोनच : एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा. तो मराठीतून देता येतो आणि उर्दूतूनही देता येतो.

या परीक्षेला हा मुलगा बसावा असे मी ठरवले होते. उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडील कामावरून सुटत तेव्हा सेतू केंद्र बंद झालेले असे. एक दिवसाची मजुरी बुडवून ते गेले, तर एक कागद कमी पडला. अर्जाची मुदत संपत आली. मी शाळेच्या इतर कामांत गुंतलो होतो. मी त्याला म्हणालो, “असू दे, पुढच्या वर्षी पाहू.” आणि नंतर माझ्या लक्षात आले की या परीक्षेला पुढचे वर्ष नसते. ती आठवीतच देता येते.

नववीत असताना त्याचे वडील परांचीवरून पडले आणि तो गॅरेजमध्ये कामाला लागला. आज तो उत्तम मेकॅनिक आहे. त्याच्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. रस्त्यात भेटला की, “सर, गाडी आणा, सर्व्हिसिंग करून देतो,” असे हसून म्हणतो. महिन्याच्या हजार रुपयांनी त्याची शाळा टिकलीच असती, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ‘आपला मुलगा सरकारने निवडला आहे,’ हे त्या घराला कळले असते, तर त्याला शाळेतून काढताना वडिलांनी आणि आपण सर्वांनी दोनदा विचार केला असता. ती चूक माझी होती, आणि ती मी आज आपणा सर्वांसमोर कबूल करतो.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत.

पालकहो, हुशारी केवळ गुणपत्रिकेत शोधू नका. दुकानावर बसून तोंडी हिशेब करणारे, बंद पडलेला रेडिओ उघडून पाहणारे, एकच गोष्ट दहा वेळा ‘का?’ म्हणून विचारणारे मूल तुमच्या घरात असेल, तर त्याला गप्प बसवू नका. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे खाते ही कागदपत्रे मूल सातवीत असतानाच तयार ठेवा. आणि मुलींविषयी विशेष सांगतो. दहावीला वर्गात पहिली आलेली मुलगी, ‘कॉलेज लांब आहे’ एवढ्याच कारणावरून घरी बसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. चार मुली मिळून जाऊ शकतात. एक रिक्षा ठरवता येते. जोहराने भावासाठी बांगड्या गहाण टाकल्या. आता एखाद्या भावानेही बहिणीसाठी काही करावे.

विद्यार्थी मित्रांनो, न कळलेला शब्द वहीत लिहून ठेवा आणि विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, कोरे सोडण्यात नुकसान आहे. जे हुशार आहेत त्यांनी आठवड्यातून एक तास मागे पडलेल्या सोबत्याला द्यावा. शिकवताना स्वतःचे ज्ञान पक्के होते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना नम्र सूचना अशी की, दरवर्षी जूनमध्ये पाचवी आणि आठवीच्या मुलांची एक नोंदवही करावी. पाचवीसाठी नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि आठवीसाठी एन.एम.एम.एस. ; कोणाचा अर्ज भरला, कोणाचा कोणता कागद अडला, हे त्यात लिहावे. दोन तरुणांनी दाखल्यांचे काम अंगावर घ्यावे. सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सायंकाळी दोन तास अभ्यासिका चालवावी. याला मोठा निधी लागत नाही. दिवा, चटई आणि लक्ष देणारा एक माणूस पुरे. रोज आठवीच्या मुलांपाशी बसण्याची जबाबदारी मी आजपासून स्वीकारतो.

हुशार मूल कोणा एका घराची मालमत्ता नसून ती समाजाकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत सांभाळायची असते, आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. एका मुलाच्या बाबतीत मी तो देऊ शकलो नाही. पुढच्या जूनमध्ये आठवीत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपण सर्वांनी मिळून तो द्यावा, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.