सापकांद्याचा चक्रव्यूह

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला 'बग' म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. पण आज बोलायचंय खऱ्याखुऱ्या किड्यांबद्दल आणि त्यांना फसवणाऱ्या एका जंगली फुलाबद्दल.

आधी माझा गाढवपणा सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं महाबळेश्वरच्या रानात फिरत होतो. झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यातून एक पांढरा फणा वर आलेला. हुबेहूब नाग! एक मित्र म्हणाला, "अरे, हे शेवळं. आजी भाजी करते याची." आणि मी शहाणा, देठाचा तुकडा तोडून चावला. क्षणभर काहीच नाही. मग जिभेत एकदम शेकडो सुया! थुंकलो, चुळा भरल्या, तरी संध्याकाळपर्यंत बोलताना त्रास होत होता. गिळलं नाही, हे नशीब.

ते शेवळं नव्हतं, सापकांदा होता. शास्त्रीय नाव अरिसिमा मुरई, आपल्या पश्चिम घाटातलाच. आणि सुया ही नुसती उपमा नाही बरं का. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे खरंच सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू खाजतं तेही यामुळेच, म्हणून तर आपण त्यात चिंच घालतो. सापकांदा पोटात गेला तर घसा सुजून श्वास घेणंही अवघड होऊ शकतं.

आता गंमत बघा. तो फणा म्हणजे फूल नाहीच, ते एक बदललेलं पान आहे. खरी फुलं अगदी बारीक, आतल्या दांड्याच्या तळाशी लपलेली. तिथवर किडे आणायचे कसे? अरिसिमाच्या घराण्यातल्या बऱ्याच जाती बोलावतात बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांना. काहींचा वासच अळंबीसारखा येतो. चिलट येतं, गुळगुळीत भिंतीवरून घसरतं, थेट तळाशी. वर चढता येत नाही.

झाड नर असेल तर चिलट परागकणांनी माखतं आणि तळाशी असलेल्या बारीक फटीतून निसटतं. परागकण दुसरीकडे पोचायचे तर त्याची सुटका व्हायलाच हवी ना! मग ते दुसऱ्या फण्यात शिरतं. तो मादीचा निघाला तर तिथे फटच नसते. बिचारं वाट शोधत फुलांवरून फिरत राहतं, परागीभवन होतं, आणि बहुतेकदा ते तिथेच मरतं. अभिमन्यूच की! आमच्या भाषेत, लूप आहे पण बाहेर पडायची अट लिहिलेलीच नाही.

आणखी एक. इथे नर-मादी कायमचे ठरलेले नसतात. कंद लहान असेल तर झाड नर, भरपूर अन्न साठलं की मादी. फळं धरून दमलं की पुन्हा नरही होऊ शकतं. बियांचा खर्च परवडेल तेव्हाच आई व्हायचं, असा रोकडा हिशोब.

मला वाटलं, काय निर्दय झाड आहे! पण 2024 साली जपानच्या कोबे विद्यापीठातल्या केंजी सुएत्सुगु यांचं संशोधन आलं. तिथल्या एका अरिसिमात चिलटं अंडी घालतात, अळ्या त्याच सडत्या फुलोऱ्यावर वाढतात आणि नवी चिलटं बाहेर पडतात. म्हणजे निदान त्या जातीत तरी सापळ्यातच पाळणाघर आहे. आपल्या सापकांद्यातही असं काही चालतं का, हे कुणीतरी पावसात बसून बघायला हवं. तुमच्यापैकी कुणी?

जाता जाता दोन गोष्टी. पावसाळा सरताना यावर मक्याच्या कणसासारखी लालभडक फळं येतात. ती पोरांना भुलवतात, पण तीही विषारी. कुणी चावलंच तर थुंकायला लावा, तोंड धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. आणि रानभाजी ओळखायची तर रील बघून नको, ती दरवर्षी खुडणाऱ्या माणसाकडून शिका.

फोटो काढा, कंद उपटू नका. भेटू पुढच्या भागात!